कुणाचा कोण

डोहाकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर फाटक ओढून शार्मेन खुर्ची टाकून बसली होती. समोरून लाल धुरळा उडवत बस येताना दिसली, तेव्हा तिने सुस्कारा सोडला. आता पुन्हा तेच. ड्रायव्हर उतरणार, घड्याळ दाखवणार, एवढ्या लांबून आलोय म्हणणार...

ड्रायव्हर उतरला. उंच, सावळा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्याने घड्याळ दाखवलं नाही. आधी फाटकावरची पाटी वाचली, मग तिच्याकडे पाहिलं.

"कधी उघडणार?"

"घरचे म्हणतील तेव्हा."

"घरचे म्हणजे पार्कचं ऑफिस?"

"घरचे म्हणजे घरचे," शार्मेन म्हणाली. "आमचे थोरले आजोबा गेलेत. हा डोह त्यांचा. सुतक आहे."

त्याने डोक्यावरची हॅट काढली.

"मग गाडीतल्यांना काय सांगू?"

"खरं तेच सांगा."

"माझ्या तोंडून ते कारण काढल्यासारखं वाटेल. तुम्ही सांगाल?"

आजवर एकाही ड्रायव्हरने तिला असं विचारलं नव्हतं. खरं तर तिचं कामच ते. पाहुण्यांचं म्हणणं वस्तीत न्यायचं आणि वस्तीचं पाहुण्यांपर्यंत. जमीन तिच्या माणसांची, म्हणजे इथल्या मूळ आदिवासींची; पार्कचा कारभार त्यांचा आणि सरकारचा मिळून. आणि कुठेही काही अडलं की दोन्हीकडून बोलणी खायला शार्मेन.

ती बसमध्ये चढली आणि सांगितलं. माणूस गेलं की त्याची जागा काही काळ एकटी ठेवायची असते, त्याचं नावही घ्यायचं नसतं. मागच्या बाकावरून कुणीतरी कुरकुरलं. तेव्हा पुढे बसलेली एक म्हातारी बाई म्हणाली, "आमचे हे गेले त्या दिवशी शेजाऱ्यांनी गवत कापायचं मशीन लावलं होतं. दिवसभर." मागच्या बाकावर कॅमेऱ्याची पिशवी बंद केल्याचा आवाज आला.

बस वळली. ड्रायव्हरने जाता जाता खिडकीतून हात बाहेर काढला. हलवला नाही, नुसताच वर धरला. शार्मेनला उगाचच हसू आलं.

त्याचं नाव रुबेन.

गवत पेटवायचे दिवस होते. सकाळच्या गार हवेला धुराचा वास, आणि फाटकाच्या गजावर चतुर येऊन बसायचे. रुबेनची बस आता पलीकडच्या धबधब्याकडे जायची, पण फाट्यावर थांबल्याशिवाय नाही. प्रवाशांना पाय मोकळे करायचे असतात म्हणे.

"उघडलं?"

"नाही."

"बरं झालं."

"बरं कसं? तुमचा मालक काय म्हणतो?"

"मालक चिडलाय. पण उघडलं तर तुम्ही इथे बसणार नाही. मग मी थांबायचं कशाला?"

"पाय मोकळे करायला..."

"माझे मोकळेच आहेत. अडकलंय ते दुसरंच काहीतरी."

शार्मेनने चहाच्या मगात नजर खुपसली. चहा कधीच संपला होता, तरी ती पीत राहिली. मधलं ते 'तुम्ही' कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

एक दिवस रुबेनने तिच्यासाठी शहरातून मटणाचा भाजलेला पाय आणला. कागद अजून कोमट होता. नेमकी तेव्हाच आंटी मेविस मासे धरायला निघाली होती. आंटी म्हणजे शार्मेनच्या आजीची धाकटी बहीण. पार्कच्या मंडळात ती नुसती खाकरली तरी बैठक गप्प व्हायची. तिने विचारपूस न करता पाय हातात घेतला, अर्धा खाल्ला, आणि मग विचारलं,

"तू कुणाचा रे?"

रुबेन गोंधळला. "कुणाचा म्हणजे... माहीत नाही, आंटी. मी दक्षिणेत वाढलो, ॲडलेडला. आजी इकडचीच कुठलीतरी. लहान असताना सरकारी माणसांनी उचलून नेलं तिला, तेव्हा आपली पोरं अशीच न्यायचे. एक नदी होती, एवढंच सांगायची. म्हणून इकडची नोकरी धरली. म्हटलं, रोज नदीकाठाने गाडी चालवू, बघू काय होतं."

आंटी चघळायची थांबली. उरलेला पाय तिने शार्मेनच्या हातात दिला. बस गेल्यावर म्हणाली, "ज्याला विचारायचं तेच माणूस गेलं आपलं. आता मला घरोघर फिरावं लागणार. तोवर तू याच्याशी बोलणं बंद कर."

"आंटी, मी काही..."

"पोरी, मला डोळे आहेत."

पुढच्या खेपेला रुबेन आला तेव्हा शार्मेन खुर्ची वळवून, त्याच्याकडे पाठ करून बसली होती.

"माझं काही चुकलं का?"

"नाही."

"मग मी तुझ्या वेणीशी बोलू का? चालेल मला. वेणी छान आहे."

ती हसली नाही. पाठमोरीच म्हणाली, "आमच्यात प्रत्येकाचं प्रत्येकाशी नातं ठरलेलं असतं. तुझी आजी आमच्या घराण्यातली निघाली तर तू माझा भाऊ लागशील. मग असं समोरासमोर बसायचंसुद्धा नाही. कधीच."

रुबेन हसायला गेला आणि मध्येच थांबला. मागून बूट वाळूत घासल्याचा आवाज आला.

"म्हणजे घर सापडलं तर तू जाणार," तो म्हणाला, "आणि तू हवी असशील तर घर सापडायला नको."

शार्मेन फाटकाच्या गजावरचे चतुर मोजत राहिली.

"मी तर आयुष्यभर एकच गोष्ट शोधत होतो, शार्मेन. आजी मला एका नावाने हाक मारायची. अर्थ विचारला तर तिलाही सांगता यायचा नाही, एवढंच उरलं होतं तिच्याजवळ. तो शब्द कुणीतरी ओळखावा, बस्स."

आणि तो शब्द त्याने उच्चारला.

बरं झालं, तिची पाठ होती. कारण शार्मेनची आजी तिला अशीच हाक मारायची. मुलीच्या पोराला मायेने म्हणायचा शब्द. बस निघून गेली तरी ती तशीच बसून होती. म्हणजे आमचाच. म्हणजे संपलंच.

शब्द तिच्याशिवाय कुणी ऐकला नव्हता. ती गप्प राहिली असती तर आंटी चार घरं फिरून दमली असती, कुणाला काही आठवलं नसतं, आणि मग म्हातारी मंडळी कधीकधी करतात तसं, बाहेरून आलेल्या माणसाला सोयीचं नातं देऊन टाकलं असतं. असं दिलेलं नातंही नातंच. रुबेनला कधी कळलंही नसतं. 'तू कुणाचाच निघू नकोस,' असं तिच्या मनात आलं, आणि ते आल्याची तिला इतकी लाज वाटली की तिने खुर्ची मिटली, गाडी काढली आणि थेट नदीवर गेली.

आंटी गळ टाकून बसली होती. शार्मेनने शब्द सांगितला.

"पुन्हा म्हण," आंटी म्हणाली.

शार्मेनने म्हटला.

"तू म्हणतेस तसा नको. तो म्हणाला तसा म्हण."

शार्मेनने डोळे मिटले. त्याचा आवाज आठवला, वाळूत घासलेले बूट आठवले, आणि शब्द त्याच्यासारखा उच्चारला. शेवटचं अक्षर गिळून.

आंटीने गळ गुंडाळायला घेतला. "शब्दाचं शेपूट आम्ही नाही तोडत. ते तोडतात खालच्या अंगाचे, नदीच्या मुखाकडचे." ती उठून निघाली. मासेही तिथेच विसरून गेली.

दुसऱ्या दिवशी ती रुबेनला घेऊन मुखाकडे गेली. शार्मेनला न्यायचा प्रश्नच नव्हता. ती शाळेच्या ओसरीवर वस्तीची बैठक घेत राहिली. डोह कधी उघडायचा, पाहुण्यांना काय सांगायचं, कुठवर जाऊ द्यायचं. बायका बोलत होत्या, ती मान डोलावत होती, आणि काय ठरलं ते तिला नंतर दुसऱ्यांना विचारावं लागलं.

आठवडा उलटून गेल्यावर आंटीची गाडी शाळेच्या दारात येऊन थांबली. पुढे आंटी, तिच्याशेजारी एक अनोळखी म्हातारा. मागून रुबेन उतरला. डोळे सुजलेले, आणि चेहरा कुणीतरी धुऊन वाळत घातल्यासारखा स्वच्छ.

"हा त्याच्या आजीचा धाकटा भाऊ," आंटी म्हणाली. "तिकडून नेलेली पोर एकच, याची बहीण. तेव्हा हा आईच्या कडेवर होता. शब्द ऐकला आणि पोराला मिठी मारून बसला. सोडेचना. आम्हाला जेवायलाही दिलं नाही कुणी."

आंटी शार्मेनकडे बघत राहिली, जरा जास्तच वेळ. मजा घेत होती.

"आता का गप्प? मुखाकडच्या त्या घरातून आपण कायम जावईच आणलेत. तुझ्या आजीचा नवरा कुठला होता? बोल जा त्याच्याशी."

दोघं नदीच्या काठाने चालत गेली. कोवळ्या गवताला नुकत्याच विझलेल्या जाळाचा वास येत होता.

"तुला एक सांगायचंय," शार्मेन म्हणाली. "तू तो शब्द म्हणालास ना, तेव्हा मला वाटलं तू आमचाच. आणि मी... मी मनातून मागितलं, की तू कुणाचाच निघू नयेस. मला माहीत होतं तू काय शोधतोयस, तरीही."

रुबेन थांबला. ती त्याच्याकडे बघू शकली नाही; पाण्याकडे बघत राहिली.

"मुखाकडे जाताना, गाडीत," तो हळूच म्हणाला, "मीही तेच मागितलं होतं. आंटी शेजारी बसलेली असताना. मग आजीची माफी मागितली."

"काय म्हणाली आजी?"

"काही नाही. पण माझी आजी रागावली की बोलायची. गप्प असली तर रागावलेली नसायची."

शार्मेनने मान वळवली. आता बघायला हरकत नव्हती, आणि तिने पोटभर बघून घेतलं. तो लाजला. मग तिने त्याचा हात धरला, आणि दोघं परत फिरली. ओसरीवर म्हातारा त्याला त्याच नावाने हाका मारत होता.