ऊनपावसातली नवरी

“जपानवाले कोण?”

मुलुंड पूर्वेच्या पोस्टातल्या खिडकीतून हाक आली आणि बाकाच्या दोन टोकांवरून दोन माणसे एकाच वेळी उठली. एक सुबोध, दुसरी, ओली छत्री सावरणारी एक अनोळखी मुलगी. सुबोध विक्रोळीच्या एका कंपनीत यंत्रांची आरेखने करीत असे. कागदावरची रेघ त्याच्या आज्ञेत होती, पण माणसांसमोर जीभ अडखळत असे. सवयीप्रमाणे तो मागे सरला.

“तुम्ही आधी,” तो म्हणाला.

“तुम्ही काय? मी काय तुझी मावशी आहे?” मुलगी हसली. “दोघांची पार्सलं आहेत रे. घे तू आधी.”

तिचे नाव रुचिरा. भांडुपच्या एका छापखान्यात ती रंग जुळवण्याचे काम करी. हे त्याला पोस्टाच्या पायरीवर कळले, कारण बाहेर ऊन होते आणि त्या उन्हातच श्रावणाची सर कोसळत होती, आणि सर थांबेपर्यंत दोघांनाही तिथून हलता येत नव्हते.

“काय मागवलंस? दाखव ना.”

त्याने संकोचत पाकीट उघडले. आत एकच कार्ड होते: जपानी पत्त्यांच्या खेळातले, त्यावर पावसात उभा असलेला एक बेडूक. त्या पावसाच्या रेघा कुणीतरी इतक्या मायेने ओढल्या होत्या की, फोनच्या पडद्यावर पाहताक्षणी त्याचा जीव त्यांच्यात अडकला होता.

“पहिलंच?”

“हो... कशावरून?”

“हे तिकडे कुठल्याही दुकानात मिळतं, आणि तू त्याला नवजात बाळासारखं धरलंयस.” मग त्याचा चेहरा उतरलेला पाहून ती जरा मऊ झाली. “चित्र झकास आहे पण. फक्त, खरी मजा प्रोमो कार्डांत. ती विकायला नसतातच. सिनेमाच्या तिकिटासोबत देतात, मासिकात घालतात, नाहीतर एखाद्या दिवशी जो दुकानात येईल त्याच्या हातात ठेवतात. नंतर कुणी घर आवरताना ती विकायला काढतं, तेव्हा आपला नंबर.” तिने उन्हात चमकणाऱ्या सरीकडे बोट दाखवले. “बरं सांग, ऊनपावसात काय असतं?”

“कोल्ह्याचं लगीन.”

“तिकडेपण तेच म्हणतात! हे बघ...”

तिने फोन पुढे केला. कार्डावर एक कोल्हीण होती. नवरीच्या पांढऱ्या वेषात, डोक्यावर लाल छत्री, अवतीभवती सोनेरी पाऊस. कधीतरी एका चित्रपटगृहात ते लहान मुलांना फुकट वाटले होते.

“कधीपासून शोधतेय हिला,” ती हळू म्हणाली. “सापडते ती कोपरे दुमडलेली. मला पाकीटबंद हवीय. कुणीच न उघडलेली.”

सर थांबली तरी दोघे पायरीवरून उठले नाहीत.

त्यानंतर दर रविवारी पोस्टाजवळच्या बागेतल्या बाकावर त्याची शिकवणी भरू लागली. परदेशात माल न पाठवणाऱ्या विक्रेत्याकडून तिकडच्या मध्यस्थामार्फत खरेदी कशी करावी, नकली कार्डाची छपाई कशी ओळखावी, ‘न उघडलेले’ या अर्थाची जपानी अक्षरे कशी दिसतात, हे सारे ती शिकवी आणि तो वहीत ती अक्षरे आरेखनासारखी काटेकोर काढी.

“परीक्षा नाहीये रे,” ती चिडवी. “एवढं काय गिरवतोस?”

“तू शिकवतेस म्हणून...” एवढे बोलून तो पेन्सिलीला टोक काढू लागे. ते टोक आधीच तीक्ष्ण असे. हे तिला दिसे, आणि तिला दिसते हे त्यालाही कळे.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी तिचा फोन आला. आवाजात धाप होती.

“मिळाली! कोल्हीण! पाकीटबंद! ऐक, तुझीपण खरेदी मध्यस्थाच्या तिकडच्या वखारीत पडलीये ना? एकाच खोक्यात मागवू या. तुझ्या पत्त्यावर. आमच्याकडे दिवसा कुणी नसतं.” मग जरा थांबून ती म्हणाली, “मी कुणाबरोबर असं मागवत नाही हं. कॉलेजात एका मैत्रिणीबरोबर मागवलं होतं. तिने माझं चांगलं कार्ड ठेवून घेतलं आणि तिचं दुमडलेलं मला दिलं. वर शपथ घेतली, असंच आलं म्हणून... कार्डाचं काही नाही रे. शपथेचं वाईट वाटलं.”

त्या रात्री सुबोधला उगाच वाटत राहिले, की समुद्रापलीकडच्या कुठल्याशा वखारीत आपली आणि तिची वस्तू शेजारी शेजारी निजली आहे. एवढ्या कल्पनेवर तो पुढचे कित्येक दिवस सुखात राहिला.

खोके आले ते मार्गशीर्षातल्या गुरुवारी. तो कंपनीत होता. आईने, वनमालाबाईंनी, फोन केला.

“तुझा जपानचा पार्सल इला रे.”

“आई, जपून ठेव हं! फार मोलाची वस्तू आहे. माझी नाही... कुणाचीतरी आहे.”

“ठेवतंय रे बाबा, ठेवतंय. माका कळता.”

संध्याकाळी तो धावतच घरी आला. लक्ष्मीची पूजा मांडलेली होती. वेणी माळलेला कलश, पाच फळे, समई... आणि कलशाला टेकून उभी असलेली कोल्हीण. पाकिटाबाहेर. पांढऱ्या कपाळावर ठसठशीत ओले कुंकू.

“आई...” तो पूजेसमोर गुडघ्यांवर बसला.

“कित्या रे, काय झाला? तूच म्हणालंस मोलाची म्हणान. मोलाची वस्तू आपल्याकडे आणखी खंय ठेवतत? आणि देवासमोर पिलास्टिक बरा दिसता काय? कापून काढलंय.” आईने कोल्हिणीकडे कौतुकाने पाहिले. “व्हकल मां ती! नवरीचा कपाळ मोकळा ठेवूचा नसता, बाबा.”

रागावणार तरी कुणावर? घरात आलेल्या नव्या नवरीचा आईने जो मान केला असता, तोच तिने या कोल्हिणीचा केला होता. सुबोधने कापूस फिरवून पाहिला. कुंकू अधिकच पसरले.

तोच फोनवर रुचिराचा निरोप उमटला. ‘गंमत बघ, आणखी एक पाकीटबंद कोल्हीण विकायला निघालीये! आपली तर तिकडून निघालीसुद्धा. पोचली का रे?’

खाली त्या दुसऱ्या कार्डाची जाहिरात होती. एक बोट दाबले की झाले असते. ते कार्ड येईपर्यंत ‘पार्सल अडकलंय’ म्हणायचे, आणि मग तिच्या हातात कोरी कोल्हीण ठेवायची. तिला कधीही कळले नसते. त्याचे बोट त्या चित्रावर बराच वेळ थांबले, आणि मग त्याने तिलाच फोन लावला.

“बागेत येशील? आत्ता.”

बाकावर बसून त्याने सगळे सांगितले, न अडखळता. असे बोलणे त्याला आयुष्यात प्रथमच जमले होते. रुचिराने कार्ड हातात घेतले. कुंकवाकडे पाहिले. कापलेले पाकीट बोटांनी पुन्हा जुळवून पाहिले. ते जुळणार नव्हते.

“मी तुझ्यावर सोडलं होतं ना रे,” एवढेच ती म्हणाली आणि कार्ड घेऊन निघून गेली.

पुढचा रविवार कोरा गेला. त्यापुढचाही. सुबोधने एक निरोप पाठवला आणि दुसरा पाठवण्याचे धैर्य त्याला झाले नाही. ती दुसरी कोल्हीण कुणा परक्याने नेली. त्याने ते शांतपणे पाहिले. थंडी वाढली होती. येऊरच्या डोंगरावरून सकाळचे धुके उतरायचे, आणि तिला सांगावे असे काही दिसले की त्याचा हात फोनकडे जाऊन परत यायचा.

मग एका सकाळी तिनेच बोलावले.

ती बाकावर आधीच येऊन बसली होती. दोघांमध्ये एका माणसाची जागा सोडून तो बसला.

“छापखान्यात भिंगाखाली धरलं होतं कार्ड,” ती समोर पाहत म्हणाली. “कुंकू कागदाच्या आत उतरलंय. निघायचं नाही.”

“मला माफ—”

“थांब. खूप रडले मी, हे आधी ऐकून घे. खूप म्हणजे खूप. आई विचारायची, कोण गेलं गं? काय सांगू, कोल्हीण?” तिला हसू आले, तिने ते गिळले. “मग एक डोक्यात आलं. दुसरी निघालीये हे मीच तुला कळवलं होतं. तू गुपचूप घेतली का नाहीस? मला कळलंपण नसतं.”

“नसतं कळलं. म्हणूनच.”

“म्हणजे?”

त्याने बोटांत बोटे गुंतवली. मग अगदी हळू बोलला.

“मी ती तुझ्या हातात ठेवली असती. तू माझ्याकडे बघून हसली असतीस... आणि ते हसू मला घरी नेता आलं नसतं. चोरीचं झालं असतं. रुचिरा, मला तू... मला तू फार आवडतेस. तू परत बोलली नाहीस तरी चालेल, असं म्हणणार होतो. पण चालणार नाही.”

बागेत कुठेतरी माळ्याने पाण्याचा नळ सोडला.

“एवढं बोलतोस तू?” ती पुटपुटली. “आणि मी वेडी, इतके रविवार टोक नसलेल्या गप्पा मारत बसले.” मधल्या मोकळ्या जागेत ठेवलेली पिशवी तिने उचलून पलीकडे ठेवली आणि ती त्या जागेत सरकली. “ऐक. पुढच्या रविवारी मी तुझ्या घरी येणार. आईंशी भांडायला.”

“भांडायला?”

“थोडंसं. मग जेवायला. मलापण तू... म्हणजे, तेच. कळलं ना?”

“कळलं.” त्याचे कान लाल झाले होते. “पण आई भांडते मालवणीत.”

“मग शिकव मला. किती वेळ लागतो शिकायला?”

सुबोधने या वेळी नजर वळवली नाही. “नीट यायला...? जन्म जाईल.”

“बरं,” रुचिरा म्हणाली, “मग आजच सुरुवात कर.”