दोन लाख अठ्ठावन्न हजार दोनशे अठ्ठावन्न चकल्या

चकल्यांचा ढीग छताला टेकला तेव्हा कुठे झारा थांबला. झारा म्हणजे चंद्रावरच्या वसाहतीतला स्वयंपाकी यंत्रमानव.

"अरे, दोनशे अठ्ठावन्न सांगितल्या होत्या!" ऋजुता किंचाळली.

"घाईत आकडा दोनदा दाबलास. २५८२५८," झारा शांतपणे म्हणाला. "वर्षाची भाजणी संपली."

शनीकडचे पाहुणे आत्ता उतरणार होते. परत जाताना ते तिला शनीची कडी दाखवायला नेणार होते. पण गेल्या खेपेला त्यांनी इथल्या रीतीभाती फारच मनावर घेतल्या. ताटात एकच चकली उरली. "तुम्ही घ्या." "छे छे, तुम्हीच घ्या!" यातच त्यांची निघायची वेळ झाली आणि कडी राहिली बाजूला.

"आत्या, येणार किती जण?"

गणितज्ञ वासंतीआत्या ढिगामागून डोकावली. "त्यांची यानं तीनच मापांची. सात, अकरा किंवा तेरा आसनांची. आणि एकही आसन रिकामं ठेवून ते निघत नाहीत."

"मग एवढ्या चकल्या वाटून कधी बघायच्या? एक जरी उरली तरी संपलं!"

"वाटतेस कशाला? आकडा बघ. दोनशे अठ्ठावन्न हजार, वर दोनशे अठ्ठावन्न."

"म्हणजे २५८ ची हजार पट आणि आणखी एक पट... एक हजार एक पट!"

"आता सात गुणिले अकरा गुणिले तेरा करून बघ."

ऋजुताने बोटांवर हिशेब केला. सत्त्याहत्तर... एक हजार एक! "म्हणजे ही संख्या सात, अकरा, तेरा, तिन्हींनीही विभाज्य (बाकी न उरता भाग जाणारी) आहे! आणि मी ३६४ दोनदा दाबलं असतं तर?"

"तरी तेच. तीन आकडी कोणतीही संख्या घे."

यान उतरलं. पाहुणे तेरा निघाले. ऋजुताने सुस्कारा सोडला.

"तूही बस ना बाळ," त्यांचा म्होरक्या म्हणाला. "यजमान उभे आणि आम्ही खातोय, बरं दिसतं का?"

चौदा! ऋजुता भराभर हिशेब करू लागली. चौदा म्हणजे दोन गुणिले सात. साताची काळजी नव्हती, आणि २५८ सम आहे, दोनानेही भाग जातो. ती बसली.

"आत्याबाई, तुम्हीही!"

आत्याचा हात चकलीकडे गेलाच होता. पंधरा! पंधरात पाच आले, आणि आपल्या संख्येच्या शेवटी तर आठ!

"आत्याची संकष्टी आहे!" ऋजुता ओरडली.

"चंद्र दिसला की उपास सोडतात ना?" म्होरक्याने विचारलं. "चंद्र तर पायाखालीच आहे."

आत्याने चकलीकडे एकदा पाहिलं. "तो उगवायला नको का?" ती खिन्नपणे म्हणाली.

पाहुण्यांना हे पटलं. प्रत्येकाच्या पोत्यात अठरा हजार चारशे सत्तेचाळीस चकल्या गेल्या. ताट लख्ख! यानातली तेराही आसनं भरलेली होती, म्हणून ऋजुता आपल्या पोत्यावर बसली.

"पुढचं यान सतरा आसनांचं बांधतोय," म्होरक्या अभिमानाने म्हणाला.

खिडकीत शनी मोठा होत होता. ऋजुता त्याच्याकडे बघत चकली कुरकुरवू लागली आणि मनातल्या मनात सतराने भाग जाणारी संख्या शोधू लागली.