डबे बांधलेली वाळुंजं

टण्‌! किटलीचं झाकण उडालं आणि सकाळपासून मुक्या असलेल्या स्वयंपाकघरात पहिला आवाज झाला. चहा उतू गेला, तरी मेमे चुलीपासून हलले नाहीत.

"उद्या आपल्या शेळ्या जाणार," ते नातीला म्हणाले. "गोबा बोलले, म्हणजे गाव बोललं."

चुस्किटनं किटली उतरवली. ओढ्याकाठची वाळुंजं एकेक करून वाळत होती. फांद्याच नसल्या, तर नव्या घरांवर छप्पर कशाचं घालणार? शेळ्यांनी साल खाल्ली, असा गावप्रमुख गोबांचा आणि साऱ्या गावाचा ठपका होता. वाळणाऱ्यांत चुस्किटच्या आईनं लावलेलंही एक होतं. आईला जाऊन तीन वर्षं झाली होती.

शाळेला सुट्टी होती. धाकटा भाऊ तुंडुप आणि मैत्रीण आंगमो यांना घेऊन ती ओढ्यावर गेली.

"शेळ्यांनी खाल्लं, तर दात उमटायला हवेत," आंगमो म्हणाली.

"तुझ्यासारखे वाकडे?" तुंडुपनं विचारलं.

"तू आधी तुझे पडलेले मोज."

पाण्यालगतची झुडपं शेळ्यांनी खरंच ओरबाडली होती. पण ती हिरवीगार होती. वाळली होती ती वरची रांग. शेळीचं तोंड लागू नये म्हणून तिथल्या बुंध्यांना कापलेले पत्र्याचे डबे तारेनं आवळले होते.

"पत्र्याला कुठली शेळी तोंड लावते?" चुस्किट पुटपुटली. "तुंडुप, पळ, पक्कड आण."

तार तुटली, डबा निघाला. खाली साल शाबूत, दाताची एक खूण नाही. पण तार बोटभर आत रुतलेली. दुसऱ्या झाडाचं तेच, तिसऱ्याचंही तेच.

बोलावल्यावर मेमे आणि गोबा आले. त्या खाचेवरून गोबा बराच वेळ अंगठा फिरवत राहिले.

"बांधले सगळ्यांनी, सोडले कुणीच नाहीत," ते म्हणाले. "यात माझाही डबा आहे. मेमे, शेळ्या राहू द्या. आम्ही मोठी माणसं आंधळी, तुमची पोरं डोळस."

दुपारभर सारं गाव तारा तोडत होतं. बरीच झाडं केव्हाच संपली होती.

आईचं झाड चुस्किटनं शेवटी ठेवलं होतं. दुधाच्या पावडरीचा डबा, त्यावर आईनं स्वतः पिळलेली तार. वर एका काडीला दोन पानं उरली होती.

तुंडुपनं डबा पोटाशी धरला.

"आचे," त्यानं बहिणीला विचारलं, "झाड मोठं होतं, हे आईला माहीत नव्हतं का?"