शेळ्यांनी बोलावलेला मुंधिर

"खाला, दार उघड! ते लोक उद्या न्याहारीनंतर फावडी घेऊन निघणार आहेत!" रबाब ओरडली.

रबाबच्या मावशीने, जकिया खालाने, कपाळाला आठ्या घालूनच दार उघडलं. वाळूतल्या शिंगवाल्या फुरशांचा अभ्यास करण्यात तिचं सारं आयुष्य गेलं होतं. वाळवंटाच्या काठावरच्या दूझ गावामागच्या टेकडीवरची फुरशी ती शेजाऱ्यांसारखी ओळखायची. टेकडीपलीकडे पर्यटकांची छावणी टाकणाऱ्या मुंधिरने ती सगळी मारून टाकायचं ठरवलं होतं.

"म्हणे, तूच टोपलीतून फुरशी आणून तंबूंजवळ सोडतेस!" रबाबचा धाकटा भाऊ इहाब म्हणाला.

"मूर्ख माणूस!" खाला वैतागली. "फुरशी छावणीत का येतात ते आधी शोध, असं सांगायला गेले, तर मला चहा पाजून वाटेला लावलं!"

"मग आपणच शोधू!" रबाब म्हणाली. वसंताच्या सुट्टीत तिला दुसरं काम तरी काय होतं?

छावणीच्या स्वयंपाकघरामागे पोचताच ती थबकली. वाळूवर खजुराच्या बियांचा ढीग पडला होता.

"बिया फेकून दिल्यात? आपल्याकडे तर भरडून शेळ्यांना घालतात!" इहाबला नवल वाटलं.

"राजधानीहून आलेल्या माणसाकडे शेळी कुठली? आण ती खजुराची फांदी."

मावळतीला त्यांनी ढिगाभोवतालची वाळू फांदीने झाडून सपाट केली. उजाडताच येऊन पाहतात तो काय! उंदरांच्या इवल्या पावलांनी वाळू गजबजली होती आणि टेकडीकडून फुरशाच्या तिरक्या, तुटक रेघा थेट ढिगापर्यंत आल्या होत्या. रेघा संपत होत्या तिथे वाळूतून दोन बारीक शिंगं डोकावत होती.

"इहाब, मागे हो! खालाला घेऊन ये!"

रबाब स्वतः मुंधिरकडे धावली.

"सी मुंधिर, जरा मागच्या बाजूला चला ना!" ती अदबीने 'सी' लावून म्हणाली.

"न्याहारीची वेळ आहे, पोरी. घरी जा!"

रबाबचं डोकं तडकलं. या मोठ्या माणसांना पुरावा दाखवायचा, तर त्यांना ओढतच न्यायला हवं! तिने घरच्या दोन शेळ्या आणल्या आणि ढिगापासून दूर, पण बिया दिसतील अशा बेताने खुंट्याला बांधल्या. शेळ्यांनी असा काही कल्ला केला, की पाहुणे कप हातात घेऊन उठले!

"माझ्या छावणीत शेळ्या?" मुंधिर चपला फटफटवत धावत आला. मागोमाग फावडीवाले गडी.

"थांबा! पाऊल टाकू नका!"

रबाबच्या बोटापुढची शिंगं दिसताच मुंधिरचा चेहरा पांढराफटक पडला.

"हे... हे टोपलीतलंच!"

"मग टेकडीवरून या रेघा काय टोपलीने ओढल्या?"

पाहुणे हसले. एवढ्यात खाला पोचली. लांब आकड्याने तिने फुरसं अलगद उचललं, बादलीत ठेवून झाकण लावलं आणि मग तिचा तोंडाचा पट्टा सुटला.

"बियांमागे उंदीर आले, उंदरांमागे हे आलं! ही मारलीत, तर उंदीर काय तुम्ही खाणार?"

मुंधिरने घाम पुसला. "गड्यांनो, फावडी इकडे आणा. आधी या बिया उचला. रोजच्या रोज शेळीवाल्यांकडे पोचल्या पाहिजेत." मग तो ओशाळून म्हणाला, "माझी चूक झाली, जकियाबाई. शाबास, पोरांनो!"

"आणि शेळ्यांना?" इहाबने विचारलं.

"त्यांनाही! पण घेऊन जा रे त्यांना आता!"

टेकडीवर खालाने बादली आडवी करून फुरसं सोडलं.

"ढिगाशी आले तेव्हा शिंगं मला चटकन दिसली नव्हती, रबाब," ती म्हणाली. "तुझं बोट होतं म्हणून दिसली."

सकाळपासून सगळ्या जगावर चिडलेल्या रबाबने हसतच रिकामी बादली उचलली.