मामांचा अंगठा

काम तसं साधं होतं. हॉस्पिटलच्या तळघरातल्या सर्व्हरचा प्रोसेसर बदलायचा, बस्स. पण वर अतिदक्षता विभागात माझी ताई होती, आणि तिच्या उशाशी लावलेल्या यंत्राची धोक्याची घंटा याच सर्व्हरमार्फत नर्सच्या टेबलावर वाजायची. बदली सर्व्हर जेमतेम चाळीस मिनिटं तग धरेल, असं साहेबांनी बजावलं होतं.

हे काम मला मामांनी शिकवलं. सख्खे नव्हेत, अख्खं खातंच त्यांना मामा म्हणायचं. कामाला हात चोख, सवयी मात्र ओंगळ. प्रोसेसर थंड राहावा म्हणून त्याच्यावर धातूचा ठोकळा बसवतात आणि मध्ये राखाडी पेस्ट लावतात. जुनी पेस्ट स्पिरिटनं पुसायची असते. मामा अंगठा चाटायचे, पेस्ट पुसायचे, अंगठा पँटला फासायचे आणि पुन्हा चाटायचे. मी तोंड फिरवायचे. गेल्या वर्षी याच सर्व्हरचं काम संपवून ते बसल्या जागी गेले. त्यानंतर तो कुणी उघडला नव्हता.

मी प्लग काढला, अंगातल्या स्थिर विजेनं काही जळू नये म्हणून मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधला, हातमोजे चढवले. समोरासमोरचे स्क्रू आलटूनपालटून सैल केले. ठोकळा उचलला आणि शिळ्या तोंडाचा वास भसकन नाकात शिरला. एव्हाना पेस्ट वाळून खडखडीत व्हायला हवी होती. ती ओली होती, कोमट होती, आणि ठोकळ्याच्या तळाला अंगठ्याचा ठसा स्पष्ट उमटलेला होता.

पुसला. फडकं उचललं की ठसा तिथंच. पुन्हा पुसला. पुन्हा तोच, लाळेसारखी तार धरलेला. स्पिरिटची बाटली संपली, तेवढ्यात वरून नर्सचा फोन आला.

"मॅडम, स्क्रीन लुकलुकतायत... अजून किती वेळ?"

"पाच मिनिटं. ताई...?"

"झोपल्यात. पण लवकर करा हो..."

हातमोजा काढला. अंगठा चाटला आणि पुसलं. ठसा निम्मा गेला! उरलेल्यासाठी तोच बरबटलेला अंगठा पुन्हा तोंडात घातला. त्याची चव... जाऊ दे, तुम्हाला अजून जेवायचं असेल.

तळ लख्ख झाला. जुना प्रोसेसर काढला, खालच्या पिनांना बोट न लावता नवा कोपऱ्यातल्या खुणेवर बसवला, वर वाटाण्याएवढी पेस्ट, मग ठोकळा, मग स्क्रू. सर्व्हर सुरू झाला. दहादा चूळ भरून मी वर धावले.

ताई जागी होती. स्क्रीनवरचे आकडे उत्तम होते. मला रडूच आलं.

"आलीस?" ती हसली. मग तिनं सावकाश अंगठा चाटला, चादरीला फासला आणि पुन्हा चाटला.

"ताई, हे काय करतेयस...?"

"कुठं काय?"

चादरीवर राखाडी पट्टे उमटले होते.

ताई आता घरी आहे, ठणठणीत आहे. तिच्या चादरी मी रोज स्पिरिटनं घासते. पट्टे निघत नाहीत. ते कशानं निघतील, हे मला ठाऊक आहे...