घंटेला तडा

डोंगराच्या पोटातल्या जाळात घंटा लालबुंद तापवायची, लगेच बर्फात बुडवायची आणि तिला तडा पाडायचा, एवढ्यासाठी आम्ही तिघं निघालो होतो: मी, माझे ओतारी बाबा आणि वाट दाखवणाऱ्या मावशी.

चूक माझीच. मावशी तोवर आम्हाला अनोळखी होत्या. लोकर कोंबलेली घंटा वितळवून घ्यायला त्या कारखान्यात आल्या तेव्हा बाबा बाहेर गेले होते. वाजवू नकोस, असं मला बजावून त्या बाबांना शोधायला गेल्या. पण ओताऱ्याच्या लेकीने समोरची घंटा ठोकून पाहिली नाही, असं कुठे झालंय? मी लोकर उपसली, बोट मुडपलं आणि ठोकलं. इतका गोड नाद मी जन्मात ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवशी ते बोट काशाचं झालं!

आता कासं खांद्यापर्यंत चढलं होतं. एकदा नाद ऐकणारा महिनाभरात काशाचा होतो आणि दुसऱ्यांदा ऐकणारा जागच्या जागी, असं मावशींनी सांगितलं. घंटेला तडा गेला तरच अंगात चढलेलं कासं उतरणार होतं. घण मारावा तर घंटा वाजणार. आमच्या भट्टीत ती लालसुद्धा होईना. ती जिथे ओतली गेली, तो जाळच तिला पुरणार होता. मला मरायचं नव्हतं. इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती.

कड्यावरची वाट पाऊलभर रुंद होती आणि धुक्यात पुढच्या माणसाची पाठही दिसेना. माझा जड हात मला सारखा दरीकडे ओढत होता. अचानक दगड निसटला. पाय सुटला! कमरेचा दोर ताठ झाला. वर बाबा कड्याला चिकटून पडले होते, त्यांची नखं उखडली होती. मावशींनी मला दंडाला धरून वर खेचलं. हात आहे की ऐरण, असं त्या धापा टाकत म्हणाल्या. हसू मात्र कोणालाच आलं नाही.

गुहेच्या तोंडाशी एक माणूस वाकून उभा होता. काशाचा! बोट मुडपलेलं, कान पुढे केलेला. मावशींनी त्याच्या खांद्यावरचा बर्फ हाताने पुसला.

"आमचे हे," त्या म्हणाल्या. "एकदा नाद ऐकून बसले होते. घंटा पुरती तापायच्या आत बाहेर काढली. मग तडा गेला का, ते बघायला ठोकली."

तडा गेला की नाही, हे ठोकून ऐकल्याशिवाय आम्हालाही कळणार नव्हतं!

आम्ही कानांत मेण भरलं. जाळाच्या फटीवर घंटा साखळीने टांगली. बाबा रंग बघत राहिले. लाल झाली. अजून नाही. भिंती थरथरल्या, छताचे दगड आजूबाजूला कोसळू लागले. बाबा हलले नाहीत. मग एकदम त्यांनी साखळी ओढली. बर्फात! वाफेचा लोट उठला आणि हळूहळू घंटा निवली. वरून तडा दिसत नव्हता.

बाबांनी कानातल्या मेणाला हात घातला. मी तो धरला, त्यांनी झटकला. मी मावशींकडे पाहिलं आणि त्यांनी बाबांना मागून घट्ट कवटाळलं. मी तर अर्धी गेलेलीच होते. त्यांनी कशाला जायचं?

मी माझं मेण काढलं. त्याच बोटाने ठोकलं.

भद्द! फुटक्या मडक्याचा आवाज.

मला रडू फुटलं. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. मी बर्फातून हात उचलला आणि त्यांच्या कानांतलं मेण काढलं.

"बाबा," मी म्हणाले, "बोटं गारठलीत माझी."