चौथं पान

किन्हवलीच्या पुढे, मुरबाडच्या रस्त्याला लागून असलेल्या निसर्ग केंद्राचं वर्ष पंचांगासारखं ठरलेलं. जेठात काजवे, आषाढात रानभाज्या, थंडीत पक्षी मोजणं. आणि बारा महिने ललिता. चिखलातला ठसा बघून कोण गेलं, कधी गेलं, हे सांगणारी तिथे ती एकटीच. पाहुण्यांपैकी कुणी भुताखेतांचं विचारलं की हसायची. "पाय उमटला नाय, म्हंजे कोनी आला नाय."

यंदा केंद्र चालवणाऱ्या हरेशच्या डोक्यात आलं, नुसत्या भाज्या काय दाखवायच्या, वाडीची रीतही दाखवू. ललिताच्या वाडीत नवी रानभाजी शिजली की पहिला घास आपला नसतो. घरातली जितकी माणसं गेली, तितकी सागाची पानं झाडाखाली मांडायची. नाव घेऊन वाढायचं आणि मागं न बघता निघून यायचं. पुढचं कावळे आणि मुंग्या बघून घेतात.

ललिताच्या घरची पानं तीन. सासरा, दीर आणि तापात गेलेली थोरली लेक.

नवऱ्याचं, म्हादूचं, पान नव्हतं. भिवंडीकडे वीटभट्टीवर गेला, त्याला दोन पावसाळे झाले. सोबतचे परतले, तो नाही. वाडीतली माणसं म्हणायची, मांड एकदाचं पान. पण तिची सासू, धोंडी, उंबऱ्यात आडवी बसायची. "पान मांडला का मानूस मेला. माझा पोर जिता हाय." ललिताचंही तेच. लोक वेडी म्हणोत, ती एवढंच धरून जगत होती.

रविवारी सकाळी कल्याण-ठाण्याची तीसेक माणसं आली. आटगाव स्टेशनवरून दोन जीप भरून, बाकीची आपापल्या गाड्यांनी. केंद्रामागच्या मोहाच्या झाडाखाली ललिताने तीन पानं मांडली. हिरव्या मिरच्या घालून परतलेली फोडशीची रानभाजी वाढली, नावं घेतली. हरेश मोबाइल घेऊन उभा होता.

"तीन तिगाडा, काम बिगाडा. आनखी एक ठेव गो. फोटोत बरा दिसंल."

"हरेशभाऊ, आमचे तीनच."

"मग नाव नको घेऊ कोनाचा."

माणसं ताटकळली होती. नाव घेतलं नाही तर पान ते पान, झाडाला काय थोडी आहेत? तिने चौथं मांडलं, त्यावर भाजी वाढली आणि तोंड मिटून घेतलं. मग सगळ्यांना घेऊन मागं न बघता निघाली.

जेवताना कल्याणच्या भावनाताईंनी विचारलंच. "ते शेवटचं कुणाचं होतं?"

"कुनाचा नाय," ललिता फटकन म्हणाली.

दुपारी गाड्या गेल्यावर ती पानं उचलायला मोहाखाली गेली. तीन पानांवर कावळ्यांनी नेहमीचा धिंगाणा घातलेला. भाजी विस्कटलेली, मुंग्यांची रांग, ओल्या मातीत नख्यांचे ठसे.

चौथं पान स्वच्छ होतं. बोटाने निपटून खावं तसं.

ती उकिडवी बसली. पाहुण्यांना शिकवते तशी मान तिरकी करून तिने जमीन बघितली. या बाजूने, मग त्या बाजूने. कावळा नाही, कुत्रं नाही, माणूस नाही. पाहुणे सकाळी लांबच उभे होते; या पानाभोवती तिच्या स्वतःच्या पावलांखेरीज चिखल कोरा होता.

मग तिला पानाच्या कडेला मिरच्या दिसल्या.

चार. ओळीने लावलेल्या, देठं एका बाजूला.

म्हादूला मिरची चालत नसे. भाजीतल्या वेचून तो अशाच कडेला लावायचा आणि पान तिच्याकडे सरकवायचा. ती खायची. बारा वर्षं.

"ललिता, काय झाला गो?" हरेशने पडवीतून हाक मारली.

"काय नाय, भाऊ."

घरी धोंडी उंबऱ्यात बसलेली असेल. तिला काय सांगायचं? आपण जिता जिता म्हणत बसलो आणि दोन वर्षं त्याला कुणी वाढलंच नाही?

तिचे डोळे कोरडे होते. हात मात्र सवयीने पुढे गेला. तिने एक मिरची उचलून तोंडात टाकली.

दाताखाली भट्टीची राख करकरली.